गवळणींचा खेळ

मेडनहेड
१६ फेब्रुवारी १९८८

शिल्पा,

नावाच्या आधी काय लिहावं यात माझी अर्धी सकाळ गेली. 'सौ.' आता लिहिता येत नाही. 'चि.' लिहावं तर तू म्हणशील, या बाईचे आशीर्वाद कुणी मागितलेत? म्हणून नुसतं शिल्पा लिहिलं आहे. मनातल्या मनात जे लावायचं ते मी लावलंय.

काल रश्मीचं पत्र आलं. पाकिटावरचं तिकीट उलटं आणि राणीची मान खाली. तुला माहीत आहे की नाही, मला कळत नाही, म्हणून ती काय लिहिते ते जसंच्या तसं उतरवते. "प्रिय आजी, माझी शाळेत प्रॉजेक्ट आहे. क्रिकेटच्या आधी मुलं बॅट आणि बॉल घेऊन काय खेळत होता? तू लहान होता तेव्हा कोणता खेळ खेळली? मी डॅडला विचारलं तर तो म्हणाली आजीला विचार. प्लीज लवकर लिही."

मी हसले आणि मग बराच वेळ ते पत्र हातात धरून स्वयंपाकघरात बसले. दहा वर्षांची झाली. तुम्ही ल्यूइसला गेलात तेव्हा आठ पुरी नव्हती.

तुझ्या पाठीमागून तिच्याशी पत्रव्यवहार करायचा नाही, हे मी ठरवलंय. उत्तर तुलाच पाठवते. तिला द्यायचं की नाही ते तू बघ. माझ्या विनयला महिन्याच्या पहिल्या शनिवारी मुलगी भेटते, मला नाही, हे मी दोन वर्षं निमूट मान्य केलंय. तुझा राग मोठा आहे. एवढंच सांगते, त्या प्रकरणातलं मला खरोखर काही ठाऊक नव्हतं.

रश्मीसाठी: आजी विटीदांडू खेळायची. कराडला, कृष्णेच्या वाळवंटात, दोन भावांबरोबर. दांडू म्हणजे हातभर लांब काठी. विटी म्हणजे दोन्ही टोकांना तासलेला वीतभर लाकडाचा तुकडा. खळगीवर विटी आडवी ठेवून दांडूने कोलायची, म्हणजे ती उडते. मग दुसऱ्या पोरांनी झेलली तर तू आउट. तेव्हा बॉल आमच्याकडे नव्हता. विटीच आमचा बॉल.

युरोपातली मुलं काय खेळायची ते मला माहीत नाही, पण मेडनहेडला लायब्ररी आहे आणि मला दिवसभर वेळ आहे.

सुप्रभा


मेडनहेड
७ मार्च १९८८

शिल्पा,

तुझं कार्ड मिळालं. तीन ओळींचं होतं, पण मिळालं. "रश्मीला पत्र वाचून दाखवलं. तिला आणखी माहिती हवी आहे. पाठवू शकता." हे 'पाठवू शकता' मी हालिनाला भाषांतर करून सांगितलं तर ती म्हणाली, "हे काय, कौन्सिलचं पत्र आहे का?" मी म्हटलं, कौन्सिल तरी कुठे आपणहून परवानगी देतं?

हालिना तुला आठवत असेल. स्लाउच्या फॅक्टरीत पॅकिंगला माझ्या शेजारी तेरा वर्षं उभी होती ती पोलिश बाई. आता दोघी रिटायर. बुधवारी ती इथे येते, आम्ही लायब्ररीत जातो. तिथल्या मिसेस ॲटकिन्सना मी सांगितलं, "माझ्या नातीला क्रिकेटच्या आधीचे मुलांचे खेळ हवेत." त्यांनी चष्मा डोक्यावर सरकवला आणि म्हणाल्या, "किती आधीचे?" मी म्हटलं, "असतील तेवढे."

मग काय, ढीग आला. रश्मीला सांग, १७४४ साली लंडनमध्ये मुलांसाठी एक चिमुकलं पुस्तक छापलं होतं, खिशात मावेल एवढं. त्यात पानोपानी एकेका खेळाचं चित्र. त्यात क्रिकेट आहे, स्टूलबॉल आहे, आणि चक्क बेसबॉल आहे! अमेरिकेचा म्हणतात तो बेसबॉल. चित्रात डोक्यावर तीनकोनी टोप्या घातलेली तीन मुलं खांबांशी उभी आहेत. पुढे पन्नासेक वर्षांनी एका जर्मन मास्तरांनी त्याचे नियम लिहून काढले, 'हा इंग्रज मुलांचा खेळ' म्हणून. म्हणजे इंग्रज पोरांचा खेळ, जर्मन मास्तरांनी लिहिला, आणि मोठा झाल्यावर अमेरिकेला गेला. आपल्या घरासारखंच की, जन्म एकीकडे, वाढ दुसरीकडे.

हे मी हालिनाला वाचून दाखवत होते, तर ती एकदम टेबलावर हात आपटून म्हणाली, "पालान्त!" सगळी लायब्ररी बघायला लागली. तिच्या गावी मुलं पालान्त खेळायची. बारीक काठी, कापडाचा चेंडू, मारायचं आणि रेघेपर्यंत पळून परत यायचं. वाटेत चेंडू अंगावर बसला की बाद. संघाच्या कप्तानाला म्हणायचे 'मात्का', म्हणजे आई. कप्तान मुलगा असला तरी आईच. ती अकरा वर्षांची असताना लढाई आली आणि गाव सुटलं, ते कायमचं. पण सांगताना तिचा चेहरा असा झाला होता, की मिसेस ॲटकिन्सनी आम्हाला गप्प करायच्या ऐवजी स्वतःच खुर्ची ओढली.

विनय बरा आहे. रीडिंगच्या ऑफिसातून रोज सातला येतो, जेवतो, टीव्हीसमोर झोपतो. तू विचारलं नाहीस, तरी लिहिलं.

सुप्रभा


मेडनहेड
३० मार्च १९८८

शिल्पा,

या वेळी रश्मीच्या प्रश्नांची आख्खी यादी आली, आणि तिच्या खाली तुझ्या अक्षरात, "टिपकॅट म्हणजे विटीदांडूच का, हे तिच्या मिसना हवं आहे." म्हणजे तूही वाचतेस.

होय, तेच. आणि ते मला पुस्तकात नाही, एका काचघरात कळलं. त्याची गोष्ट सांगते. रश्मीला वाचून दाखव, पण हे अनुकरणीय नाही असंही सांग.

विटीदांडू शब्दांत सांगून हालिनाला कळेना. मग मी जुन्या झाडूचा दांडा कापला आणि सुरीने विटी तासली. विनयने विचारलं, "आई, झाडू कुठे गेला?" मी म्हटलं, "मोडला." कापल्यावर मोडलाच की. बुधवारी आम्ही दोघी पार्कमध्ये गेलो. खळगी खणायला चमचा नेला होता. मी बारा वर्षांची झाले तेव्हा आईने हातातून दांडू काढून घेतला होता, त्यानंतर थेट एकोणपन्नास वर्षांनी धरला. पहिल्या दोन वेळा विटी पायाशीच लोळली. तिसऱ्यांदा उडाली आणि मी हवेत टोला दिला. शिल्पा, काय गेली! पार्कचं कुंपण ओलांडून पलीकडच्या भाजीच्या वाफ्यांवरून थेट एका काचघरात. आवाज इतका मोठा झाला की हालिना तिच्या भाषेत देवाचं नाव घेऊन खाली बसली.

आतून एक उंच म्हातारा आला, मिस्टर हॉब्स. तोंड लालभडक. "कोण आहे? कुठल्या पोरांनी हे..." आणि समोर कोण, तर स्वेटर घातलेल्या दोन आज्या. त्याच्या हातात विटी होती. मी म्हटलं, "सॉरी, ती आमची." त्याने विटीकडे नीट पाहिलं, बोटांनी टोकं चाचपली, आणि त्याचा आवाजच बदलला. "पण ही तर कॅट आहे! आमच्याकडे यॉर्कशरला पेगी म्हणायचो. तुम्हाला ही कुठे मिळाली?"

"कराडला," मी म्हटलं.

"हे कुठे आलं?"

"यॉर्कशरच्या जरा पुढे," हालिना म्हणाली.

त्याने काचेचं नाव काढलं नाही. दांडू घेतला, थुंकी लावून हात चोळले आणि म्हणाला, "लहानपणी यापायी आमच्या मागे पोलीस लागायचे." मग अर्धा तास तिघं खेळलो. मोजायची वेळ आली तेव्हा माझ्या तोंडून आपोआप निघालं, वकट, लेंड, मूंड, नाल. हालिनाने विचारलं, "हे मराठी आकडे?" मी हो म्हणणार, तेवढ्यात थबकले. मराठीत एक, दोन, तीन, चार. मग हे कुठले? जन्मभर मोजत आले आणि कधी विचारलंच नाही. गुरुवारी दवाखान्यात रक्तदाब तपासायला गेले तेव्हा डॉक्टर रेड्डींना विचारलं. ते पट्टा सोडून हसायलाच लागले. "मावशी, हे तर आमचं तेलुगू! वकटि, रेंडु, मूडु, नालुगु." म्हणजे कुठल्या तरी जमान्यात तेलुगू पोरं कऱ्हाडी पोरांशी खेळली असणार. राजे आले-गेले, त्यांचं नाव नाही, पण पोरांचे आकडे राहिले. रश्मीला म्हणावं, हे प्रॉजेक्टमध्ये लिही. पुस्तकात मिळायचं नाही.

आता स्टूलबॉल. हा तुमच्याच ससेक्सचा. गाईंची धार काढणाऱ्या गवळणी ईस्टरला बसायचं तिपाई स्टूल जमिनीवर ठेवायच्या. एकीने चेंडू फेकून स्टूलला मारायचा, दुसरीने हाताने तो परतवायचा. पुढे हाताच्या जागी बॅट आली. पाचशे वर्षांपूर्वी पाद्री लोक बजावून सांगत होते, की चर्चच्या आवारात हे खेळू देऊ नका. याचा अर्थ सगळे तिथेच खेळत होते. आणि ऑक्सफर्डला सहाशे वर्षांपूर्वीचं एक हस्तलिखित आहे, त्यात पानाच्या तळाशी एक ख्रिस्ती जोगीण चेंडू टाकते आहे आणि एक जोगी काठी उगारून उभा आहे. मिसेस ॲटकिन्सनी त्याची फोटोकॉपी दिली ती सोबत आहे. आपल्याकडे चेंडू कृष्णाने खेळायचा आणि गवळणींनी यशोदेकडे तक्रार न्यायची. इथे गवळणीच खेळल्या. मला ते फार आवडलं.

रश्मी लिहिते, "मम पण स्टूलबॉल टीममध्ये आहे. मंडेला प्रॅक्टिस असतो." तू? ज्या मुलीला मी गॅलरीत धावत जाऊ नकोस म्हणायचे, ती? बरं केलंस.

सुप्रभा


मेडनहेड
१९ एप्रिल १९८८

शिल्पा,

हे पत्र रश्मीला वाचून दाखवू नकोस. तिचं वेगळ्या कागदावर लिहून आत घातलंय.

मिसेस ॲटकिन्सनी मला आणखी एक कागद काढून दिला. १५९८ सालची गोष्ट, गिल्डफर्डची, म्हणजे इथून तासाभरावर. एका जमिनीच्या तुकड्यावरून कोर्टात वाद होता. एकोणसाठ वर्षांचा एक गृहस्थ साक्षीला उभा राहिला आणि त्याने शपथेवर सांगितलं, की मी शाळकरी असताना आम्ही मुलं याच जागेवर पळायचो आणि क्रिकेट खेळायचो. क्रिकेटचा सगळ्यात जुना खात्रीचा पुरावा म्हणे तो हाच. मोठ्या माणसांनी तोवर हा खेळ खेळल्याचं कुणी लिहून ठेवलेलं नाही. एक म्हातारा लहानपणचं खरं तेवढं बोलला, आणि चारशे वर्षं ते टिकून राहिलं.

कागद वाचून मी घरी आले. कुकर लावला. शिट्ट्या झाल्या तरी गॅस बंद करायचं भान राहिलं नाही.

तू मला तीनदा विचारलं होतंस. एकदा जिन्यावर, एकदा रश्मीला कांजिण्या आल्या होत्या तेव्हा, आणि एकदा दिवाळीच्या आदल्या दिवशी चकल्या तळताना. "आई, विनयचं कुणाबरोबर काही आहे का? तुम्हाला काही माहीत आहे का?" तिन्ही वेळा मी नाही म्हटलं. तिसऱ्या वेळी वर हेही म्हटलं, की "तुझा स्वभावच संशयी आहे, नवऱ्याला अशाने घर नकोसं होतं."

मला माहीत होतं. आठ महिने माहीत होतं. त्या बाईचा फोन दुपारी मीच घ्यायचे. तिचं नाव मला ठाऊक होतं. विनयला मी रागावले, रडले, तुझ्या पाया पडायला सांगितलं, पण तुला सांगितलं नाही. वाटलं, हे आपोआप संपेल आणि घर राहील. फेब्रुवारीच्या पत्रात मी तुला लिहिलं की मला काही ठाऊक नव्हतं. तेही खोटं होतं. दोन वर्षांनी, तू समोर नसताना, कुणी विचारलं नसताना पुन्हा खोटं लिहिलं.

विनयने मला खोटं बोलायला लावलं नाही. मी आपणहून बोलले.

याच्यावर तुझं उत्तर आलं नाही तर मला कळेल. रश्मीची माहिती मात्र मी पाठवत राहीन, फक्त तिच्यापुरती. वरती एक ओळसुद्धा लिहिणार नाही.

सुप्रभा


मेडनहेड
३ जून १९८८

चि. शिल्पा,

आज लिहिते हे 'चि.' पुढचं-मागचं न बघता. नको असेल तर खोड.

सहा आठवडे गेले. मी दोन पाकिटं पाठवली, रशियातल्या लाप्ता नावाच्या खेळाचं एक आणि स्वीडनच्या मुलांच्या खेळाचं एक, आणि सांगितल्याप्रमाणे वर काही लिहिलं नाही. पोस्टमन दारातून निघून गेला की हालिनाला फोन करायचे. ती विचारायची, "आलं?" मी म्हणायचे, "गॅसचं बिल."

काल आलं. मी उभ्यानेच वाचलं. तू लिहितेस, पत्र वाचल्यावर तू ते फाडलंस, आणि दुसऱ्या दिवशी सेलोटेप लावून जोडलंस. पुढचं मला पाठ झालंय. "विनयने फसवलं त्याचं दुःख झालं, पण वेड लागायची पाळी तुमच्यामुळे आली. मला दिसत होतं आणि माझ्या विश्वासातलं एकमेव माणूस सांगत होतं की काही नाहीच. आठ महिने मला वाटलं, माझंच डोकं बिघडलंय. तुम्ही खरं सांगितलं असतं तरी मी घर सोडलं असतंच. पण निदान स्वतःवर तरी विश्वास ठेवून सोडलं असतं."

तुझं डोकं तेव्हाही ठिकाणावर होतं, हे माझ्या हाताने लिहून देते. कुणाला दाखवावंसं वाटलं तर दाखव.

आणि शेवटी जे लिहिलंस: "१८ जूनला रश्मीच्या शाळेत जुन्या खेळांचा दिवस आहे. ती तुम्हाला बोलावते आहे. मीही बोलावते असं लिहायला मला अजून जड जातं. तरी लिहिते."

येते. पॅडिंग्टन, मग व्हिक्टोरिया, मग ल्यूइस. हालिना म्हणते, तू एकटी व्हिक्टोरियाला चुकशील. खरं म्हणजे तिला पालान्त दाखवायचं आहे. तिला आणू का? तिने स्वतःच्या हाताने चेंडू शिवलाय, आत लोकर आणि बाहेर माझ्या जुन्या ब्लाउजचं कापड.

विटीदांडू आणते. काचघरं किती अंतरावर आहेत ते तेवढं कळव.

सुप्रभा


ल्यूइसजवळून
२० जून १९८८

चि. विनय,

मी स्लाउला हालिनाकडे नाही. हालिना माझ्याबरोबर आहे, पण आम्ही दोघी स्लाउला नाही. मी शिल्पाच्या घरी, तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहिते आहे. खाली बसून वाच.

फेब्रुवारीपासून मी तिला पत्रं लिहिते. रश्मीच्या प्रॉजेक्टच्या निमित्ताने सुरू झालं. झाडू मोडला नव्हता, मी कापला होता. आणि एप्रिलमध्ये मी तिला सगळं लिहिलं. फोन मी घ्यायचे, मला माहीत होतं, तिने तीनदा विचारलं आणि मी तीनदा खोटं बोलले, हे सगळं. तुझी तक्रार केली नाही. माझ्या वाटणीचं तेवढं सांगितलं. तुझ्या वाटणीचं तू कधी तिच्यासमोर पुरतं बोलला नाहीस, हे तुलाही ठाऊक आहे. ते तुझं तू बघ.

आता शनिवारचं ऐक, कारण हे तुला कुणी तरी सांगायलाच हवं.

शाळेच्या मैदानावर मुलांनी सगळे खेळ मांडले होते. रश्मीने भिंतीवर मोठा कागद लावला होता, जोगिणीचं चित्र, यॉर्कशरची पेगी, आणि मधोमध इंग्रजी अक्षरांत वकट, लेंड, मूंड, नाल. मी गेटातून आत शिरले तर ती पळत आली ती पोटावर आदळलीच. माझ्या खांद्याला लागते रे आता. म्हणाली, "आजी, तू छोटी झाला!" मी म्हटलं, "छोटी झाली." ती म्हणाली, "हां, तेच." शिल्पा मागे उभी होती. केस कापलेत तिने. "ट्रेनमध्ये जागा मिळाली का?" एवढंच म्हणाली. मी हो म्हटलं.

हालिनाने तीस इंग्रज पोरांना पालान्त शिकवला. एक शब्द इंग्रजी, दोन पोलिश. पोरं तिला मात्का मात्का म्हणत मागे फिरत होती आणि ती सेनापतीसारखी ओरडत होती.

दुपारी आयांचा आणि शिक्षिकांचा स्टूलबॉलचा सामना होता. आता त्यात स्टूल राहिलेलं नाही. खांद्याएवढ्या उंच खांबावर चौकोनी फळी असते, तीच विकेट. बॅट म्हणजे पोळपाटाला दांडा लावावा तशी. आयांच्या बाजूला एक बाई कमी पडली, तिच्या धाकट्याला गोवर. कुणी काही बोलायच्या आत रश्मी ओरडली, "माझी आजी! शी हिट अ ग्रीनहाउस!"

मी नको नको म्हणत होते. तर शिल्पा आली, खाली वाकली, माझ्या साडीचा घोळ वर खोचून दोन सेफ्टी पिना लावल्या आणि स्वतःचे जास्तीचे ट्रेनर्स माझ्या पायात घातले. म्हणाली, "शेवटच्या या. तोवर संपतं बहुतेक."

संपलं नाही. नऊ रन हवे होते आणि मी आत. समोरच्या टोकाला शिल्पा. रश्मीच्या मिस बोलिंगला, खालून टाकतात पण जोरात. पहिला चेंडू मला दिसलाच नाही. दुसरा दिसला. चेंडू हवेत होता, विटीसारखा, आणि विनय, हाताला सगळं आठवलं. मी टोला दिला आणि तो कुठे गेला ते बघत उभी राहिले. पलीकडून शिल्पा किंचाळली, "पळ! अगं पळ ना, बघतेस काय!"

मी पळाले. एकसष्ट वर्षांची बाई पिना लावलेल्या साडीत. ती मराठीत ओरडत होती, "ये ये ये", "थांब", "आणखी एक, पळ गं!" आणि शिक्षिकांना एक अक्षर कळत नव्हतं, त्यामुळे चेंडू कुठे फेकायचा तेच त्यांना समजेना. आम्ही सात काढले. आठव्याला मी घसरले. पडल्या पडल्या मला इतकं हसू आलं की उठताच येईना, आणि शिल्पा मला उठवायला आली ती हसून माझ्या शेजारीच गवतावर बसली. दोघीही आउट. त्यांच्या नियमात दोघी कशा आउट होतात ते कुणालाच माहीत नव्हतं, पण अंपायरलाही हसू आवरत नव्हतं. आपण एका रनने हरलो. मुलं तरी टाळ्या वाजवत होती.

संध्याकाळी भांडी पुसताना ती मला म्हणाली, "सॉरी हं, मघाशी तुम्हाला अगं-तुगं केलं."

मी म्हटलं, "घाईत 'पळावं' म्हणत बसली असतीस, तर पहिल्याच रनला गेलो असतो."

ती हसली. मग ताटली हातात तशीच ठेवून म्हणाली, "मी तुम्हाला माफ केलं असं आज म्हणत नाही. मला नक्की माहीत नाही. पण तुम्ही येत जा. रश्मीसाठी म्हणून नाही, मलाच वाटतं."

मला यापेक्षा जास्त नको होतं. याच्या निम्मंही मागायची हिंमत नव्हती माझी.

तेव्हा आता असं. मी आज येणार होते, ते रहित. हालिना आणि मी रविवारपर्यंत इथेच आहोत. शनिवारी शिल्पाच्या गावच्या संघाचा सामना आहे आणि मला बघायचा आहे. फ्रीझरमध्ये आमटीचे तीन डबे आहेत, निळ्या झाकणाचा आधी संपव. सुट्टी लागली की रश्मी आठवडाभर मेडनहेडला येणार आहे, तिच्या आईने स्वतः सांगितलं. तिची खोली झाड. तू तिथे ठेवलेली ती कॉम्प्युटरची खोकी हलव.

रागावला असशील तर रागव. मला सवय आहे. तुझ्याकडून लपवलं याचं वाईट वाटतं, पण जे केलं त्याचं वाटत नाही.

हे लिहीत असताना शिल्पा बॅट घेऊन दारात आली. विचारलं, "कुणाला लिहिताय?" मी खरं ते सांगितलं, "विनयला." तिने बाहेर पाहिलं. रश्मी आणि हालिना वाफ्यात काही तरी मोडत होत्या. मग म्हणाली, "शनिवारचा सामना अडीचला सुरू होतो, असं लिहा. इथे चहाच्या वेळी प्रत्येकाने काही तरी आणायचं असतं. यायचं असेल तर सँडविचेस त्याने आणायची. अंड्याची नकोत, रश्मी खात नाही."

काकडीची कर. मीठ आधी लावून ठेवू नकोस, पाणी सुटतं.

आई